वस्तीत पाणी शिरल्यावर: कुटुंबांना आणि मुलांना मदत करणारा छोटा गट कसा उभा करायचा

मुंबईत पाणी भरलं की मदतीला येणाऱ्यांची वानवा नसते. मंडळाची पोरं कंबरभर पाण्यात उतरतात, समोरच्या सोसायटीतून चहा-बिस्किटं येतात, देवळा-मशिदीत, समाजमंदिरात लोकांना टेकायला जागा मिळते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तेव्हाही शेजारपाजारच कामी आला. अडतं ते नंतर. पाणी ओसरतं, फोटो काढून होतात, आणि आठवड्याभराने कोणाच्या मुलीचं दप्तर कुजलंय, कोणाच्या रेशनकार्डाचा लगदा झालाय, कोणाचा ताप उतरत नाहीये, हे विचारायला दारात कोणी येत नाही.

कुर्ल्यात मिठी नदीच्या बाजूच्या चाळींमध्ये आम्ही चाळ कमिटी, महिला बचत गट आणि गणेश मंडळ मिळून हे नंतरचं काम करतो. नव्याने गट काढणारे तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवते.

१. आधी माणसं आणि हद्द ठरवा

नाव, लोगो, टी-शर्ट यांत पहिली बैठक घालवू नका. पाच-सहा माणसं पुरतात, पण ती वेगवेगळी हवीत. घरोघरी ओळख असलेली एक बाई (बहुतेक वेळा बचत गटाची अध्यक्ष किंवा भिशी चालवणारी), हिशेबाला पक्का एक जण, टेम्पोवाल्यांशी ओळख असलेला एक, सरकारी कचेरीत न चिडता बोलू शकणारा एक. शिवाय अंगणवाडी सेविका किंवा आशा सेविका तुमच्यात नसली तरी तुमच्या ओळखीची हवीच. निम्म्या तरी बायका असू द्या. पॅड हवेत, अंगावर पाजणाऱ्या बाईला आडोसा हवा, हे कोणी मंडळाच्या पोरांना सांगत नाही.

हद्द छोटी ठेवा. एक गल्ली, दोन चाळी. ‘अख्ख्या कुर्ल्यासाठी’ म्हणून निघालेले गट पहिल्याच पावसात विरघळतात.

बॅनरवर कोणाचाही चेहरा नसेल, हे पहिल्याच दिवशी ठरवून टाका. ऐन पाण्यात यावरून झालेली भांडणं मी पाहिली आहेत. लोक ओल्या गाद्यांवर बसलेले आणि इकडे चर्चा कशाची, तर फोटो उजवीकडे की डावीकडे!

२. यादी मे महिन्यातच करा

सगळं काम या यादीवर उभं राहतं, म्हणून इथे वेळ घाला. शंभर पानी वही घ्या, आडवी धरा आणि रकाने आखा: घर क्रमांक, घरात प्रत्यक्ष राहणाऱ्याचं नाव, मालक की भाडेकरू, दोन मोबाइल नंबर (त्यातला एक वस्तीबाहेरच्या नातेवाइकाचा), एकूण माणसं, प्रत्येक मुलाचं नाव, वय, इयत्ता आणि शाळा, तान्हं बाळ, गरोदर बाई, रोजचं औषध घेणारे, आधाराशिवाय चालता न येणारे.

आमच्या वहीत शेवटचा एक रकाना आहे: ‘पाणी कुठवर येतं’. त्यात घोटा, गुडघा, कंबर एवढंच लिहायचं. एकाच चाळीत पहिल्या खोलीत घोट्यापर्यंत आणि शेवटच्या खोलीत कंबरेपर्यंत पाणी असतं, कारण उतार नाल्याकडे असतो. कोणाचं दार आधी ठोठवायचं हे हाच रकाना सांगतो. कंबरवाल्या घरात तान्हं बाळ असेल, तर त्या ओळीवर लाल पेनाने खूण करा.

मुलांची माहिती आईकडून घ्या. बाप ‘दोन पोरं’ म्हणून मोकळा होतो. गावाहून शिकायला आणून ठेवलेला पुतण्या, दिवसभर शेजारणीकडे असणारी बहिणीची मुलगी, ही मुलं त्याच्या मोजणीत येत नाहीत. मदत वाटताना नेमकी तीच राहून जातात.

पेन्सिलने लिहा, घरं बदलत असतात. भाडेकरू बहुधा अकरा महिन्यांच्या करारावर असतात, म्हणून दर मे महिन्यात वही पुन्हा फिरवायची.

सावध राहायची जागा: ही वही कोणत्याही व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायची नाही. त्यात मुलांची नावं आणि शाळा आहेत. निवडणूक जवळ आली की ‘जरा यादी द्या ना, मदतच करायची आहे’ म्हणत माणसं येतात. त्यांना चहा द्या, यादी देऊ नका.

३. पैशाचं आधी मिटवा

कंटाळवाणं आहे, पण गट मोडतात ते इथेच.

कोणाच्याही वैयक्तिक यूपीआय नंबरवर वर्गणी घेऊ नका, माणूस कितीही सज्जन असो. लोकांकडून पैसा गोळा करायचा तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० लागू होतो. गणेश मंडळं उत्सवाच्या वर्गणीसाठी धर्मादाय कार्यालयाकडून कलम ४१क खाली परवानगी घेतात, ती हीच भानगड. मुंबईचं धर्मादाय कार्यालय वरळीला आहे. नवीन गटाने नोंदणीच्या मागे लगेच धावू नये, असं माझं मत. त्यापेक्षा वस्तीतल्या नोंदणीकृत मंडळाशी किंवा ट्रस्टशी बोला, पावती त्यांची आणि काम तुमचं. खर्चाचा वेगळा हिशेब ठेवायचा, हे मात्र त्यांच्याकडून लेखी घ्या.

आम्ही बऱ्याचदा पैसा हातात घेतच नाही. देणाऱ्याला थेट वाण्याचा किंवा स्टेशनरीवाल्याचा हिशेब चुकता करायला सांगतो. दुकानदार बिल देतो, बिलाचा फोटो देणाऱ्याला जातो, माल यादीप्रमाणे घरोघरी. भांडणाला जागाच उरत नाही.

करसवलत मागणाऱ्यांना दोन गोष्टी सांगून ठेवा: आयकरातल्या देणगी-सवलतीची (‘८०जी’ म्हणतात ती) पावती फक्त ती मान्यता असलेल्या संस्थेची चालते, आणि रोख दिलेल्या २,००० रुपयांपेक्षा जास्तीच्या देणगीवर सवलत मिळत नाही.

परदेशातल्या नातेवाइकांबाबत जपून. भारतीय पासपोर्ट असलेल्याने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलेला पैसा चालतो. पण ज्याने तिकडचं नागरिकत्व घेतलंय, त्याचा पैसा परकीय अंशदान धरला जातो, मग तो तुमचा सख्खा मामा का असेना. त्यासाठी २०१० च्या परकीय अंशदान कायद्याखालची नोंदणी लागते आणि ती छोट्या गटाकडे नसते.

४. भरतीचं वेळापत्रक, नंबर आणि चावी

मुंबईचं पावसाचं पाणी नाल्यांतून समुद्राला जातं. मोठ्या भरतीला समुद्राचं पाणी उलटं आत येऊ नये म्हणून मुखाशी दरवाजे असतील तिथे ते बंद होतात, आणि मग सगळा भार पंपांवर येतो. नेमक्या त्याच वेळी ढग फुटला की आपल्या गल्लीत पाणी. साडेचार मीटरपेक्षा उंच भरतीच्या दिवसांची यादी महापालिका दरवर्षी पावसाळ्याआधी जाहीर करते. ती मोठ्या अक्षरात लिहून गल्लीच्या तोंडाशी लावा.

तिच्याखाली नंबर लिहा: महापालिका आपत्ती कक्ष १९१६, पोलीस आणि कोणतीही तातडी ११२, अग्निशमन १०१, रुग्णवाहिका १०८, अडचणीतल्या मुलांसाठी १०९८. तुमच्या विभाग कार्यालयाच्या नियंत्रण कक्षाचा थेट नंबरही घ्या (कुर्ल्याला एल विभाग, गोवंडी-मानखुर्दला एम पूर्व, धारावीला जी उत्तर). अख्ख्या शहरात पाणी भरतं तेव्हा १९१६ लागायला वेळ लागतो.

पावसाळ्याआधी विभाग कार्यालयात एक अर्ज द्या: आमच्या वस्तीसाठी तात्पुरत्या निवाऱ्याची महापालिका शाळा कोणती आणि रात्री तिची चावी कोणाकडे असते? दुसरा प्रश्न विसरू नका. शाळा ठरलेली असते, कुलूपही असतं, चावीवाला मात्र विरारला राहत असतो.

गटाकडे हे सामान असू द्या: जाड दोर, लांब बांबू, शिट्ट्या, विजेऱ्या आणि जादा सेल, पॉवर बँक, पक्क्या शाईचे मार्कर, झिपवाल्या प्लास्टिक पिशव्या, मोजपट्टी, गमबूट, पहिल्या उपचाराची पेटी, ओआरएसची पाकिटं.

५. पाणी चढताना

इथे शौर्य दाखवायचं नसतं. वर जागा असेल तर वर, नाहीतर ठरलेल्या शाळेत. निघताना घरातला मेन स्विच बंद. गल्लीतला मीटर बॉक्स पाण्यात गेला असेल तर त्याला हात न लावता वीज कंपनीला फोन. पाण्यातून चालणाऱ्याने पुढे बांबू टेकवत जायचं. २०१७ च्या ऑगस्टमध्ये प्रभादेवी भागात एका नामवंत डॉक्टरांचा उघड्या मॅनहोलमध्ये पडून जीव गेला. पाणी लवकर निघावं म्हणून कोणी झाकण उघडत असेल, तर त्याला ओरडून थांबवा.

लहान मुलाच्या मनगटावर मार्करने आईचा मोबाइल नंबर लिहा. शाळेच्या दाराशी एकाने वही घेऊन बसायचं: कोण आलं, कोणासोबत आलं, मूल कोणी नेलं. ‘मी काका आहे’ एवढ्यावर मूल सोपवू नका, आईला फोन लावून विचारा.

मूल एकटंच असेल आणि घरच्यांचा पत्ता लागत नसेल तर १०९८ किंवा ११२ ला लगेच कळवा. बाल न्याय कायद्याप्रमाणे अशा मुलाला २४ तासांत बाल कल्याण समितीसमोर न्यावं लागतं. ‘दोन दिवस राहू दे माझ्याकडे’ म्हणणाऱ्या मायेच्या माणसालाही हे समजावून सांगा. कळवलं नाही तर तोच अडचणीत येतो.

६. पुसण्याआधी फोटो

पाणी ओसरलं की बायका पहिली कोणती गोष्ट करतात? झाडू घेतात. साहजिक आहे, घरात गाळ असतो. पण नुकसानीचा पंचनामा व्हायचाय आणि भिंतीवरची ती तपकिरी रेघ हाच पुरावा आहे. म्हणून आमच्यातली दोन मुलं मोजपट्टी घेऊन आधी फिरतात. रेघेला पट्टी लावून एक फोटो, दारावरच्या घर क्रमांकासह एक, भिजलेलं धान्य, गादी, फ्रिज, मुलांची पुस्तकं यांचा एक एक. मोबाइलवर तारीख-वेळ दिसेल असं ठेवायचं. मग खुशाल झाडू मारा.

पंचनामा तहसील कार्यालयाकडून होतो, तलाठी येतात. उपनगरात कुर्ला, अंधेरी आणि बोरिवली असे तीन तालुके आहेत आणि जिल्हाधिकारी कार्यालय वांद्रे पूर्वेला आहे. कोणी आलं नाही तर वस्तीतर्फे एकत्र अर्ज द्या, सोबत तुमच्या यादीतून फक्त घर क्रमांक, कुटुंबप्रमुख आणि पाण्याची उंची एवढंच जोडा, आणि पोच घ्या. पोच नसलेला अर्ज दिलाच नव्हता असं समजा.

राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२ ते २०२६ च्या केंद्रीय निकषांत कपड्यांसाठी कुटुंबामागे २,५०० आणि भांडी-घरगुती सामानासाठी २,५०० रुपये होते. पण अट अशी होती की घर वाहून गेलेलं, पूर्ण पडलेलं किंवा दोन दिवसांहून जास्त पाण्यात असलेलं हवं. मुंबईत पाणी बऱ्याचदा आठ-दहा तासांत उतरतं, त्यामुळे अशा अटीवरच गाडी अडते. राज्य सरकार वेळोवेळी स्वतंत्र निर्णय काढून रक्कम वाढवतं, अटी सैल करतं, म्हणून त्या वेळचा शासन निर्णय तहसीलमध्ये मागून वाचा. लोकांना आकडा आधीच सांगून बसू नका.

पंचनाम्यात नाव राहणाऱ्याचं आलंय ना, हे भाडेकरूंनी सही करण्याआधी बघावं. खोली मालकाची असली, तरी भिजलेली भांडी आणि कपडे भाडेकरूचेच आहेत.

प्रत्येक कुटुंबाने झेरॉक्ससह तयार ठेवायचं: आधार, रेशनकार्ड, वीजबिल किंवा भाडेकरार, बँक पासबुकाचं पहिलं पान, नुकसानीचे फोटो.

७. बहात्तर तासांत दवाखाना

२००५ च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या तापाची) मोठी साथ आली होती. उंदरांच्या लघवीतून आलेले जंतू पायाच्या जखमेतून शिरतात. पाण्यातून चाललेल्या प्रत्येकाने, निदान पायाला चीर असलेल्याने तरी, ७२ तासांच्या आत महापालिकेच्या दवाखान्यात किंवा ‘आपला दवाखाना’त जाऊन प्रतिबंधक गोळी घ्यावी. तिथे ती फुकट मिळते. गटाने गोळ्या आणून स्वतः वाटायच्या नाहीत. आठ वर्षांखालच्या मुलांना आणि गरोदर बायकांना वेगळं औषध असतं, ते डॉक्टरच ठरवतील. तुम्ही यादी घेऊन घरोघर जा आणि माणसांना दवाखान्यात पोचवा. पुरुषमंडळी ‘मला काय धाड भरलीय’ म्हणतात. त्यांना त्यांच्या आईकरवी न्या.

पुढचे दोन-तीन आठवडे ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं यांपैकी काही दिसलं तर घरगुती काढा नको, सरळ दवाखाना. पाणी उकळूनच प्यायचं. क्लोरीनच्या गोळ्या मिळाल्या तर पाकिटावरचं प्रमाण वाचून.

८. काय वाटायचं आणि काय नाही

जुने कपडे घेणार नाही, असं पहिल्याच मेसेजमध्ये लिहा. निवडायला तीन दिवस जातात आणि शेवटी कचऱ्याची गाडी बोलवावी लागते. ओल्या घरात कपडे वाळत नाहीत, तेव्हा मुलांना लागतात ते नवीन आतले कपडे आणि टॉवेल. मापं तुमच्या यादीतल्या वयांवरून काढता येतात.

बाळाच्या दूधपावडरीचे डबे आणि दुधाच्या बाटल्या घेऊन येणारे खूप असतात. हात जोडून परत पाठवा. १९९२ च्या कायद्याने या गोष्टी अशा फुकट वाटायला मनाई आहे, आणि कारण पटण्यासारखं आहे: गढूळ पाण्यात कालवलेली पावडर आणि न उकळलेली बाटली यांनी बाळाला जुलाब लागतात, आणि चार दिवस बाटली दिली की आईचं दूध कमी होतं. त्याऐवजी त्या आईला दोन वेळचं गरम जेवण आणि एक पडदा लावलेला कोपरा द्या. बाळ आधीपासून वरच्या दुधावरच असेल तर आशा सेविकेला आणि डॉक्टरला विचारून त्या एका घरापुरतं बघा.

मुलांच्या खाऊत चिक्की, राजगिऱ्याचे लाडू, कुरमुरे, केळी. शाळेत मोठं पातेलं चढलं तर मुगाची खिचडी, तिखट बेताचं. पाच ठिकाणांहून एकाच वेळी वडापाव येतात आणि रात्री काहीच नसतं, म्हणून कोण कोणत्या वेळचं आणणार ते फळ्यावर लिहा.

वाटप रांगेत नको, घरी नेऊन द्या. मदत घेणाऱ्या मुलाचा फोटो काढायचा नाही. देणाऱ्याला पुरावा हवा असेल तर बिलाचा फोटो पाठवा.

९. दप्तर, दाखले आणि शाळा

गाळात बुडालेली वह्या-पुस्तकं वाचवू नका, त्यात नाल्याचं पाणी असतं. फक्त पावसाने भिजलेली असतील तर न उलगडता उभी ठेवा, थोड्या थोड्या पानांनंतर वर्तमानपत्राचा कागद सरकवा, पंखा लावा. लॅमिनेशन केलेल्या दाखल्यात पाणी शिरलं असेल तर एका कडेने कात्रीने बारीक पट्टी कापा म्हणजे ओल बाहेर येईल. ओढून सोलू नका, शाई प्लास्टिकबरोबर येते. आणि कितीही लगदा झालेलं कार्ड फेकू नका. ‘भिजून खराब झालं’ हे तुकडा दाखवून सिद्ध होतं. तुकडाच नसेल तर ते ‘हरवलं’ आणि मग पोलिसांकडची नोंद आली. ती मुंबई पोलिसांच्या संकेतस्थळावर घरबसल्या करता येते, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं.

कुठला कागद कुठे:

- आधार: मोबाइल जोडलेला असेल तर ओटीपीवर ई-आधार निघतं. नसेल तर आधार केंद्र.
- रेशनकार्ड: आपल्या भागाचं शिधावाटप कार्यालय.
- जन्मदाखला: बाळ ज्या रुग्णालयात झालं, ते ज्या विभागात येतं तिथे. कुर्ल्यात राहणाऱ्याचं मूल शीवच्या (सायनच्या) रुग्णालयात जन्मलं असेल तर नोंद एफ उत्तरला सापडेल, एल विभागात हेलपाटे घालून उपयोग नाही.
- शाळा सोडल्याचा दाखला: जुन्या शाळेतून दुय्यम प्रत.
- दहावी-बारावीचं गुणपत्रक: शाळा-कॉलेजमार्फत वाशीच्या विभागीय मंडळाकडे. तोवर डिजिलॉकरमधली प्रत.

कागद नाहीत म्हणून शाळेने मुलाला बाहेर ठेवलं तर घाबरू नका. शिक्षण हक्क कायदा २००९ नुसार ६ ते १४ वयाच्या मुलाला वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, आणि आधीच्या शाळेचा दाखला उशिरा येणं हेही कारण होऊ शकत नाही. मुख्याध्यापकांशी आधी गोडीने बोला, बहुतेक जण ऐकतात.

पाठ्यपुस्तकं विकत घेण्याआधी शाळेला विचारा. महापालिका शाळांत पुस्तकं आणि शालेय साहित्य मोफत असतं, अनुदानित शाळांतही आठवीपर्यंत पुस्तकं मोफत मिळतात. शिल्लक संच शाळेत असू शकतात. बालभारतीच्या संकेतस्थळावर पुस्तकं फुकट उतरवता येतात, तेवढ्यात चालू धड्याची झेरॉक्स काढून द्या. तुमचा पैसा वह्या, कंपास, चपला, रेनकोट आणि दप्तरावर घाला. गणवेशाबद्दल मुख्याध्यापकांना वस्तीतर्फे पत्र द्या, म्हणजे साध्या कपड्यांत आलेल्या मुलाला वर्गात उभं करणार नाहीत.

संध्याकाळी मुलांना कुठेतरी दोन तास बसवता आलं तर बघा. अंगणवाडीची खोली, मंडळाचं कार्यालय, काहीही चालेल. घरात गाद्या वाळत असतात, आईबाप कामाचे बुडालेले दिवस भरून काढत असतात, मूल दारात नुसतं उभं असतं. तिथे कॅरम, चित्रकलेच्या वह्या आणि अभ्यास घेणारी एखादी कॉलेजची मुलगी पुरे. दोन मोठी माणसं कायम हजर हवीत, दार उघडं हवं, आणि कोणी मूल एकट्याने घेऊन जाणार नाही हा नियम सगळ्यांना, तुमच्या अध्यक्षांनाही. पाऊस वाजला की एखादं मूल दचकत असेल, अंथरूण ओलं करत असेल तर त्याला चिडवू देऊ नका. काही आठवड्यांत थांबलं नाही तर महापालिका रुग्णालयातल्या बालरोग विभागात दाखवा.

गणपतीच्या सुट्टीनंतर शाळा उघडल्या की वही काढा आणि प्रत्येक मुलाच्या नावापुढे बरोबर किंवा फुली करा: शाळेत जातंय की नाही. फुल्या बहुतेक मोठ्या मुलींच्या नावापुढे येतात. आई जास्तीची धुणीभांडी घेते, धाकट्याला सांभाळायला ती घरी राहते, आणि कोणी विचारलं नाही तर दिवाळीपर्यंत तिचं नाव पटावर नुसतं उरतं. त्या घरी वस्तीतल्या ओळखीच्या बाईने जावं, धाकट्याला अंगणवाडीत घालता येईल का ते सेविकेशी बोलून बघावं, आणि पुढच्या सोमवारी मुलीला शाळेपर्यंत सोबत करावी.